मेंदूतली वीज आणि उशाशी बसलेलं माणूस

आजचा विषय दवाखान्यातला आहे, आणि आम्ही काही डॉक्टर नव्हे. आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. पण या पेशाच्या माणसाला एक खोड लागते. लोक जे शब्द बिनदिक्कत वापरतात, ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहायचे. आज असंच एक वाक्य घेऊ या. ‘मेंदूला करंट दिला आणि माणूस शुद्धीवर आला.’ हे तुम्ही बातमीत वाचलं असेल, नाहीतर कुणीतरी मोबाइलवर पाठवलं असेल. आज या वाक्याची समीक्षा करायची आहे. त्यातलं खरं किती, फुगवलेलं किती आणि त्यातून कोण वगळलं गेलंय, हे पाहायचंय.

हा विषय वाकोल्यात कशाला, असं कुणी विचारील. अहो, वाकोल्याला तर हा विषय चिकटूनच आहे. पलीकडे हायवे, त्यावर रात्रंदिवस दुचाक्या, चहूकडे इमारतींची बांधकामं. दुचाकीवरून पडलेला मुलगा, परातीवरून घसरलेला मजूर, पक्षाघात झालेली आजी, आपल्यातल्या बहुतेकांच्या ओळखीत असं एखादं घर निघतंच. २०२२ या एका वर्षात देशभरात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं दगावली. जी दगावली त्यांचा आकडा छापून येतो. जी वाचली, पण डोक्याला मार लागून पहिल्यासारखी राहिली नाहीत, ती घरातल्या पलंगावर असतात. त्यांच्या घरचे लोक हे करंटचं वाक्य वाचतात, आणि त्यांच्यासाठी ते नुसतं वाक्य नसतं.

तर आधी ‘शुद्धीवर येणं’ म्हणजे काय ते पाहू. आपल्या मराठीत दोनच खाने आहेत, शुद्ध आणि बेशुद्ध. दिवा लागलेला किंवा विझलेला. पण आपल्या जुन्या विचारवंतांना एवढ्यावर भागत नव्हतं. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादात, मूर्च्छित माणसावर एक सूत्र आहे. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य जी चर्चा करतात, ती आम्ही वर्गात शिकवताना मुलांना सांगायचो की ही वाचताना आपण एखाद्या वॉर्डात उभे आहोत असं समजा. आचार्य विचारतात, हा माणूस जागा म्हणावा का? नाही, त्याला विषयांचं ज्ञान होत नाही. स्वप्नात आहे का? तेही नाही, त्याला कसलीच जाणीव दिसत नाही. मग मेला का? नाही, लोक छातीवर हात ठेवून ऊब पाहतात, नाकाशी हात धरून श्वास पाहतात. मग गाढ झोपला असेल? तेही नाही. झोपलेल्याचा चेहरा शांत असतो, श्वास एकसारखा चालतो, हात लावला की तो उठतो. मूर्च्छित माणसाचा श्वास कधी अडतो, अंग कापतं, चेहरा विद्रूप होतो, डोळे सताड उघडे असू शकतात, आणि सोटा मारला तरी तो उठत नाही. शेवटी निर्णय असा, की ही अर्धीमुर्धी अवस्था आहे, पूर्ण कुठलीच नाही.

त्यात आजचं वैद्यकशास्त्र शोधू नका, तसा आग्रह आम्ही धरणार नाही. पण तिथली पद्धत पाहण्याजोगी आहे. एका शब्दाने काम भागवायचं नाही, माणसाजवळ जाऊन एकेक खूण तपासायची. आजचे डॉक्टरही तेच करतात. डोळे मिटलेले, काही केल्या जाग येत नाही, ही कोमाची अवस्था. ती सहसा काही आठवड्यांहून जास्त टिकत नाही. त्यानंतर काहींचे डोळे उघडतात, झोप आणि जाग यांचं चक्र सुरू होतं, पण जाण असल्याची कुठलीच खूण दिसत नाही. ही दुसरी अवस्था, इंग्रजीतून आलेला तिचा शब्द व्हेजिटेटिव्ह. माणसाला भाजी म्हणणारा हा शब्द आम्हाला कधीच आवडला नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१० साली ‘प्रतिसादरहित जागृती’ अशा अर्थाचं दुसरं नाव सुचवलं, ते बरं आहे. तिसरी अवस्था किमान जाणिवेची. माणूस मधूनच नजरेने पाठलाग करतो, सांगितल्यावर एखादे वेळी बोट हलवतो, पण दर वेळी नाही. सकाळी दिसलेलं दुपारी दिसत नाही. दुसरी आणि तिसरी अवस्था यांतली सीमा फार बारीक आहे, आणि उपचारांचं बरंचसं भवितव्य त्या सीमेच्या कुठल्या बाजूला आपण आहोत यावर ठरतं.

या सीमेवर मुंबईत एक माणूस ४२ वर्षं होतं. अरुणा शानबाग. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्या वाचल्या, पण पुन्हा बोलल्या नाहीत, उठल्या नाहीत. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्या गेल्या. मधल्या काळात पिंकी विरानी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की हे अन्न देणं थांबवावं. ७ मार्च २०११ ला निकाल लागला. निष्क्रिय इच्छामरणाबद्दल त्या निकालाची खूप चर्चा झाली. आज आम्हाला त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टींकडे तुमचं लक्ष वेधायचंय.

पहिली अशी. न्यायालयाने मुंबईतल्या तीन डॉक्टरांची समिती नेमली होती. त्यांनी तपासून सांगितलं, की प्रतिसादरहित अवस्थेचे बहुतेक निकष इथे लागू होतात. ‘बहुतेक’ हा शब्द लक्षात ठेवा. कारण त्याच कागदपत्रांत परिचारिकांचं म्हणणंही आहे. अरुणाताईंना मासे आवडतात, चिकनचं सूप आवडतं, आवडीचं दिलं की चेहरा बदलतो, खोलीत फार माणसं जमली की त्या अस्वस्थ होतात, मग कुणी हात लावला की शांत होतात. आता यातलं किती नुसतं शरीराचं वळण आणि किती जाण, हे आज इथे बसून कुणी सांगू शकणार नाही. पण एक विचार करा. ही निरीक्षणं कुठल्या यंत्राने टिपली? ज्या बायका रोज भरवत होत्या, कूस बदलत होत्या, त्यांच्या हातांनी टिपली. बेल्जियममधल्या लिएज इथल्या संशोधकांनी २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या तपासणीत प्रतिसादरहित ठरवलेले ४४ रुग्ण त्यांनी नीट आखलेल्या श्रेणीने पुन्हा तपासले. त्यातल्या १८ जणांत जाणिवेच्या खुणा निघाल्या. म्हणजे शंभरात ४१ वेळा शिक्का चुकीचा होता. त्या तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. अर्धा तास लागतो, तो वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. आणि नजर पाठलाग करते का हे पाहायला सगळ्यात उपयोगी वस्तू कुठली ठरली, माहीत आहे? हातातला आरसा. पेन फिरवलं, बोट फिरवलं, तर न हलणारे डोळे स्वतःच्या चेहऱ्यामागे फिरतात.

दुसरी गोष्ट निकालातलीच आहे, तिच्याकडे शेवटी येऊ. आता वीज.

मेंदूला वीज देऊन काय साधतं? मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग आहे. मेंदूच्या पृष्ठभागाशी त्याची अखंड ये-जा चालते. त्याच्या मधल्या गाभ्यातून पुढच्या मेंदूला सतत एक उठाव मिळत असतो, त्यावर लक्ष, जाग, प्रयत्न टिकून राहतात. डोक्याला जोराचा मार लागला की दूरवरचे तंतू तुटतात. गंमत अशी, की अनेकदा पेशी जिवंत असतात, पण त्यांना मिळणारा उठाव ओसरलेला असतो. मिल उभी आहे, माग शाबूत आहेत, पण मुख्य पट्टा सैल पडलाय, असं काहीसं. खोल मेंदूउत्तेजनात त्या गाभ्यात बारीक तार बसवतात, छातीच्या कातडीखाली बॅटरी ठेवतात आणि ठरावीक लयीत ठोके देतात. कंपवातासाठी हीच पद्धत, वेगळ्या जागी, मुंबईत कितीतरी वर्षं वापरली जाते. मेंदूच्या इजेनंतर ती अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे.

या प्रयोगांत जपानचं काम आधीचं. तिथे प्रतिसादरहित अवस्थेतल्या २१ रुग्णांवर हे केलं, त्यातले आठ जण बाहेर आले. ऐकायला मोठं वाटतं. पण समीक्षकाने विचारायचं, किती दिवसांनी केलं? इजेनंतर पहिल्या काही महिन्यांतच. त्या काळात काही रुग्ण आपले आपणच सुधारतात. तुलनेला दुसरा गट नव्हता. मग श्रेय विजेला द्यायचं की काळाला? आमच्याकडे न्यायशास्त्रात या गोंधळाला काकतालीय म्हणतात. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ.

२००७ साली न्यूयॉर्कच्या निकोलस शिफ यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्यात ही गाठ सोडवायचा प्रयत्न होता. ३८ वर्षांचा माणूस, मारहाणीत डोक्याला इजा, सहा वर्षांहून अधिक काळ किमान जाणिवेत. इतक्या वर्षांनी आपोआप सुधारण्याची शक्यता फारच कमी. तार बसवली, आणि पुढे काही महिने यंत्र कधी चालू, कधी बंद ठेवलं. तपासणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. चालू असताना तो जास्त वेळा बोलला, वस्तूंची नावं सांगू लागला, ज्याला नळीने अन्न द्यावं लागत होतं तो तोंडाने खाऊ लागला. आईशी बोलू लागला. मंडळी, हे थोडं नाही. घरात ज्यांनी नळी धरली आहे त्यांना विचारा, तोंडाने खाणं म्हणजे काय ते.

पण बातम्यांतून एक तपशील गळून गेला. हा माणूस निवडला होता. आधीच्या तपासणीत त्याच्या मेंदूतली भाषेची जाळी बरीचशी शाबूत दिसली होती. म्हणजे विजेने भाषा आणली नाही. भाषा होती. तिला बाहेर यायला लागणारं बळ नव्हतं, ते मिळालं. इथे अरुणाताईंची आठवण ठेवू या. हेच यंत्र त्यांना मिळालं असतं तर, असं कुणाच्या मनात येणं साहजिक आहे. पण गळा आवळल्याने प्राणवायू तुटतो तेव्हा मेंदूच्या पृष्ठभागावरच्या पेशीच मोठ्या प्रमाणात मरतात. तिथे पट्टा घट्ट करून मागाचा उपयोग नसतो, मागच गेलेला असतो. डोक्याला मार आणि प्राणवायूचा अभाव या दोन वेगळ्या इजा आहेत, आणि ‘करंट दिला’ हे वाक्य दोन्हींना एकाच पिशवीत घालतं.

पुढचा टप्पा डिसेंबर २०२३ चा. शिफ, स्टॅनफर्डचे शल्यविशारद जेमी हेंडरसन आणि मंडळींनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रयोग छापला. हे रुग्ण बेशुद्ध नव्हते. डोक्याच्या इजेनंतर चालत-बोलत होते, पण लक्ष टिकत नव्हतं, लवकर थकायचे, जुनं काम जमत नव्हतं. अशी माणसं आपल्या आसपास जास्त असतात, आणि आपण त्यांना आळशी, चिडखोर म्हणून मोकळे होतो. तार सहा जणांना बसवली, एकाची पुढे काढावी लागली, पाच जणांनी प्रयोग पुरा केला. रोज बारा तास उत्तेजन, सुमारे तीन महिने. चाचणी साधी. कागदावर विखुरलेले अंक आणि अक्षरं आलटून पालटून जोडायची, एक, अ, दोन, आ असं. वेळ मोजायचा. दहा टक्के सुधारणा झाली तरी पुरे असं आधी ठरलं होतं. सरासरी ३२ टक्के झाली.

आता टीकेची पाळी. पाच माणसं. त्यातही सगळ्यांना उपचार मिळाला हे सगळ्यांना माहीत. अपेक्षेनेही माणूस हुशारतो, परीक्षेआधी देवाला हात जोडून गेलेला विद्यार्थी आम्ही कैक वेळा पाहिलाय. म्हणून शेवटी असं योजलं होतं, की चिठ्ठी टाकून काहींचं यंत्र गुपचूप बंद करायचं. तेव्हा पाचातल्या दोघांनी नकार दिला. म्हणाले, बंद पडायची जोखीम आम्हाला नको. उरलेल्या तिघांत एकाचं बंद झालं, आणि तीन आठवड्यांत त्याचा वेग ३४ टक्क्यांनी उतरला. शास्त्र म्हणून पाहाल तर पुरावा एका माणसावर येऊन थांबला. माणूस म्हणून पाहाल तर त्या दोघांचा नकार हाच आम्हाला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. चाचणीचा आकडा काही असो, त्यांच्या जगण्यात काहीतरी आलं होतं आणि ते हातचं सोडायची त्यांची तयारी नव्हती. आमचा आक्षेप इतकाच, की या दोन पुराव्यांना एकमेकांच्या जागी बसवू नये. माणसाचा अनुभव खरा असतो, पण उपचार कशामुळे लागू पडला हे त्यावरून ठरत नाही. आणि पाच जणांच्या प्रयोगावरून लाखांच्या आशेला भाव लावणं हे तर निव्वळ व्यापाराचं काम.

व्यापारावरून आठवलं. पक्षाघातानंतर लुळा हात सुधारावा म्हणून कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणावर पट्टी ठेवून वीज देण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. नाव एव्हरेस्ट. १६४ रुग्ण. आधीचे लहान प्रयोग छान गेले होते. २००८ साली मोठ्याचा निकाल आला, तर वीज दिलेला गट आणि नुसता व्यायाम केलेला गट यांत ठोस फरक नाही. ज्या कंपनीने हे यंत्र काढलं होतं ती पुढच्याच वर्षी गुंडाळली गेली. नाव एव्हरेस्ट ठेवलं म्हणून शिखर हाती लागत नाही. दोन्ही गट व्यायाम करत होते आणि दोन्ही सुधारत होते, हे त्या अपयशात लपलेलं यश मात्र कुणी ठळक छापलं नाही.

याच्या उलट २०२१ चा ‘लॅन्सेट’मधला प्रयोग बघा. पक्षाघाताला नऊ महिने ते दहा वर्षं उलटलेले १०८ रुग्ण. वीज मेंदूत नाही, मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला. यंत्र सगळ्यांना बसवलं, खरी वीज निम्म्यांनाच. सहा आठवडे हाताचा व्यायाम. ६६ गुणांच्या मोजपट्टीवर खरी वीज मिळालेल्यांची सुधारणा सरासरी ५ गुण, दुसऱ्यांची २.४. फरक आहे, आणि तो प्रामाणिक आहे. पण मजा त्या बटणात आहे. वीज सतत चालू नव्हती. समोर फिजिओथेरपिस्ट बसलेली, तिच्या हातात बटण. रुग्णाने हात उचलायचा प्रयत्न केला की त्याच क्षणी ती दाबणार, अर्धा सेकंद वीज जाणार. म्हणजे रुग्ण धडपडला नाही तर विजेला काम नाही, आणि ती धडपड ओळखणारं माणूस समोर नसेल तर बटणाला अर्थ नाही.

इथे आम्हाला आजच्या वाक्याचा दोष नेमका सापडतो. ‘करंट दिला आणि शुद्धीवर आला’ या वाक्यात माणूस हा खोलीतला दिवा आहे आणि वैद्यक म्हणजे बटण. ‘आता काही उपयोग नाही, घरी घेऊन जा’ हे जे दुसरं वाक्य आपण कॉरिडॉरमध्ये ऐकतो, तेही याच कल्पनेतून निघतं, दिवा विझलाय एवढंच. एक वाक्य आशेचं, दुसरं निराशेचं, दोघांचा पाया एकच. मधली पायरी, म्हणजे काय उरलंय ते जवळ बसून शोधणं आणि उरलेल्याला रोज काम देणं, दोन्ही वाक्यांत नाही.

आणि ही मधली पायरी रिकामी असते म्हणून तिथे दुकानं लागतात. डोक्याला दोन ओल्या पट्ट्या लावून एक-दोन मिलिअँपिअर इतकी मंद वीज देण्याची एक पद्धत आहे. शस्त्रक्रिया नको, यंत्रही तुलनेने स्वस्त. लिएजच्याच चमूने २०१४ साली दाखवलं, की किमान जाणिवेतल्या ३० रुग्णांपैकी १३ जणांत एका बैठकीनंतर काही खुणा दिसल्या. प्रतिसादरहित अवस्थेतल्यांत असे दोघेच. तो परिणाम तात्पुरता होता. एवढ्या भांडवलावर कुणी ‘पॅकेज’ विकायला आलं, तर आमचं सांगणं असं, की रागावू नका, तीन प्रश्न विचारा. आमच्या माणसाला कुठली इजा आहे आणि या इजेत हे चाललंय का? चाललं की नाही हे तुम्ही कशाने मोजणार, आणि मोजणारा तुमच्याच दुकानातला का? या विजेबरोबर रोजचा व्यायाम आणि बोलण्याचा सराव कोण करून घेणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे खिशात ठेवा.

आणखी एक सांगून ठेवतो. अमँटाडीन नावाचं एक जुनं औषध आहे, कंपवातावर वापरलं जाणारं. २०१२ साली १८४ रुग्णांवरच्या काटेकोर प्रयोगात दिसलं, की डोक्याच्या इजेनंतर जाणीव मंदावलेल्यांत ते दिलं असता चार आठवड्यांत सुधारणेचा वेग वाढतो. थांबवलं की वेग मंदावतो. आम्ही ते घ्या म्हणत नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा प्रांत. पण त्या साध्या गोळीची बातमी तुमच्या मोबाइलवर कितीदा आली? तार आणि बॅटरीची कितीदा? आपलं कौतुकही चकाकणाऱ्या वस्तूकडे जातं, हे त्यावरून कळतं.

आता निकालातली ती दुसरी गोष्ट. अरुणाताईंच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा, असा प्रश्न न्यायालयापुढे होता. आईवडील नव्हते, नातेवाईक फिरकत नव्हते. पुस्तक लिहिणाऱ्या विरानींचा कळवळा न्यायालयाने नाकारला नाही, उलट गौरवला. पण म्हटलं, की खरा निकटचा मित्र म्हणजे केईएमचा कर्मचारीवर्ग, कारण इतकी वर्षं रात्रंदिवस सांभाळलं त्यांनी. आणि त्यांना अरुणाताई जगायला हव्या होत्या. इच्छामरणाबद्दल तुमचं मत काहीही असो, या एका वाक्यामागचं तत्त्व आम्हाला फार मोलाचं वाटतं. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलायचा हक्क सांभाळण्यातून येतो. रक्तातून आपोआप येत नाही, विद्वत्तेतूनही नाही.

मेंदूतल्या विजेला हे तत्त्व लावून पाहा. संमती कुणाची घ्यायची? मेंदूत तार घालायची जोखीम आहे, रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो. माणूस स्वतः हो-नाही म्हणू शकत नाही. गावाकडून आलेला मोठा काका सही करणार, की रात्री तीनला कूस बदलणारी बायको? आणि समजा वीज लागू पडली. माणसाला थोडी जाण आली आणि आपलं काय झालंय हेही कळायला लागलं, तर त्या कळण्याचं दुःख कोण सोसणार? बॅटरी संपली, प्रयोग संपला, कंपनी उठून गेली, मग? जे दोघं यंत्र बंद करू देईनात, त्यांच्या नकारात हा प्रश्न आधीच आलाय. उपचार सुरू करण्याची संमती घेणं सोपं आहे. तो बंद पडल्यावर कोण उभं राहणार, याचं वचन संमतीच्या कागदावर नसतं. ते तिथे असावं, अशी आमची मागणी आहे.

कुणी म्हणेल, सर, एवढं सगळं ऐकून निष्कर्ष काय, वीज वाईट की चांगली? चांगली आहे. संशोधन चालावं, आपल्याकडेही चालावं. एक गोष्ट बघा. २०२४ साली न्यू इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात आलं, की सांगितलेलं काहीच न करू शकणारे २४१ रुग्ण यंत्राखाली तपासले, तर ६० जणांच्या मेंदूत सांगितल्याबरहुकूम हालचाल दिसली. म्हणजे चारात एक जण आतून ऐकत होता, ‘मूठ वळा असं मनात आणा’ म्हटल्यावर मनात आणत होता, आणि बाहेर पापणीही हलत नव्हती. शंकराचार्यांचा सोटा तिथे काही सांगू शकला नसता. हे यंत्रामुळे कळलं, ते मान्य केलं पाहिजे. पण कळल्यावर करायचं काय? त्या चौथ्या माणसाच्या खाटेशी उभं राहून ‘आता काही उपयोग नाही’ हे मोठ्याने बोलायचं नाही, ही पहिली सुधारणा. तिला वीज लागत नाही. उद्यापासून करता येईल.

दुसरी, मुंबईपुरती बोलतो. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची जुनी संस्था आहे, १९५० च्या दशकापासूनची. चांगली आहे. पण वाकोल्यातल्या तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट बंद असताना, अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला उतरवून, टॅक्सी करून आठवड्यातून तीनदा हाजीअली गाठा आणि एक रोजंदारी बुडवा. दोन महिन्यांत घर थकतं. मेंदूची शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात काही तासांत होऊ शकते, त्यानंतरची दोन वर्षं मात्र घरातल्या एका बाईच्या खांद्यावर पडतात. ती बाई सहसा बाईच असते, हेही सांगायला नको. वस्तीच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार करणारी माणसं बसली, जवळच्या पालिका रुग्णालयात ती आरशाची तपासणी ठरलेल्या तारखांना पुन्हा पुन्हा झाली, तर उद्या कधी वीज परवडेल अशी आलीच, तर ती देण्याजोगी माणसं आपल्याकडे तयार असतील. नाहीतर यंत्र येईल आणि तोवर स्नायू आखडून गेलेले असतील, पाठीला जखमा झालेल्या असतील.

केईएममध्ये इतक्या वर्षांच्या खाटेवर अरुणाताईंच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिले नाहीत, असं न्यायालयानेच नोंदवलंय. त्यासाठी दर काही तासांनी कुणीतरी कूस बदलली. पाळ्या बदलल्या, पिढ्या बदलल्या, निवृत्त झालेल्या परिचारिकांच्या जागी ज्यांनी अरुणाताईंना कधी चालताना पाहिलंही नव्हतं अशा मुली आल्या, आणि त्यांनीही ते चालू ठेवलं. या कामाला कुठल्या नियतकालिकात जागा नाही, कारण त्यात नवं काही नाही. पण मेंदूला वीज देण्याच्या ज्या प्रयोगांत काही हाती लागलं, त्या प्रत्येकाच्या तळाशी हेच काम आहे. जो माणूस सहा वर्षांनी तोंडाने जेवला, त्याला सहा वर्षं कुणीतरी जगवलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी ते वाक्य मोबाइलवर आलं, तर पुढे पाठवायच्या आधी त्यात दोन शब्द घाला. कुठल्या इजेत, आणि कुणाच्या मदतीने. एवढं केलंत तरी आजचं बोलणं कारणी लागलं.

वेळ झालाय. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी आधी प्रश्न विचारावेत, बाकीच्यांनी थांबावं. तुमच्याकडून ऐकायलाच आम्ही आलो आहोत.